नवा फोन आला, आणि ऐन सीझनमध्ये धंदा अडकला



मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभं राहून आपण काय विचारतो? कॅमेरा किती मेगापिक्सल, रॅम किती, चार्जिंग किती मिनिटांत होतं, ईएमआय किती बसतो. "माझं बिलिंगचं अ‍ॅप यावर चालेल का?" असं विचारणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. गंमत म्हणजे ज्याचा सगळा धंदा मोबाइलवर चालतो, तोही विचारत नाही. तोसुद्धा कॅमेराच विचारतो.

मग फोन घरी येतो आणि दोन दिवसांत मला मेसेज येतो: "सर, नवीन फोन घेतला, पण पस्तावलो." अशा मेसेजमध्ये फोन खरोखर खराब निघाल्याची उदाहरणं थोडी असतात. बाकीच्यांचं नुकसान फोन बदलण्याच्या पद्धतीत झालेलं असतं. पण दोष जातो फोनला.

येवल्याच्या आमच्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. त्यांच्या परवानगीने, नाव न घेता. ताई सेमी पैठणी विकतात. विणकरांकडून माल घ्यायचा, घरी फोटो काढायचे, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर टाकायचे, अ‍ॅडव्हान्स आला की कुरियर. दुकान नाही, वेबसाइट नाही. जुना फोन चार वर्षांचा, दुपारीच बॅटरी संपायची, स्टोरेज कायम भरलेलं. दिवाळीच्या दहा दिवस आधी सेलमध्ये अठ्ठावीस हजारांचा फोन नो कॉस्ट ईएमआयवर घेतला. जुना एक्स्चेंजमध्ये दिला, त्याचे आले दोन हजार चारशे.

ऑनलाइन एक्स्चेंजमध्ये होतं काय, तर डिलिव्हरीवाला नवा फोन घेऊन दारात येतो आणि जुना तिथल्या तिथे घेऊन जातो. तोही आधी रिसेट केलेला, सगळ्या अकाउंटमधून लॉगआउट केलेला लागतो. म्हणजे नवा फोन हातात यायच्या आधीच जुना रिकामा करायचा! दोन्ही फोन शेजारी ठेवून डेटा हलवायला एक तासही मिळत नाही. ताईंनी "बॅकअप आहे ना गुगल ड्राइव्हवर" म्हणून फोन देऊन टाकला.

बॅकअप होता. जूनमधला.

कारण असं की अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप पूर्वी गुगलच्या मोफत जागेत मोजला जात नसे. २०२४ पासून तो मोजला जातो, आणि मोफत जागा आहे १५ जीबी. त्यातच जीमेल, त्यातच फोटो. साड्यांचे रोज पन्नास फोटो काढणाऱ्या बाईचे १५ जीबी किती दिवस पुरणार? जागा भरली आणि बॅकअप गुपचूप थांबला. सूचना आली असेलही, पण दिवसभरात ढीगभर सूचना येतात, त्यात ही कोण वाचतं!

जून ते ऑक्टोबरमधल्या चॅट गेल्या. कोणी कोणता रंग बुक केला, कोणाचा अ‍ॅडव्हान्स आला, कोणाचा पत्ता काय, सगळं त्या चॅटमध्ये. वही नव्हती. नंबर सेव्ह होते, पण फोनच्या मेमरीत. गुगल अकाउंटमध्ये नव्हते, म्हणून तेही गेले.

दुसऱ्या दिवशी विणकराला अठरा हजार द्यायचे होते. यूपीआय अ‍ॅप नव्याने सुरू करताना तुमच्या सिमवरून बँकेकडे एक एसएमएस जातो, त्यावरून हा नंबर याच फोनमध्ये आहे हे पक्कं होतं. ताईंच्या फोनमध्ये दोन सिम. अ‍ॅपने भलतंच सिम धरलं. दोनदा फेल गेलं, मग लक्षात आलं. सुरू झाल्यावर बँकेने पहिल्या दिवसाला पाच हजारांची मर्यादा लावली. फोन बदलला की सुरुवातीच्या काही तासांसाठी बऱ्याच बँका अशी मर्यादा ठेवतात. ही सोय आपल्याच सुरक्षेसाठी आहे, चोराने सिम पळवलं तर खातं एका झटक्यात साफ होऊ नये म्हणून. पण विणकर समोर उभा असताना हे त्याला कोण समजावणार? त्याने चार साड्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिल्या. त्याचंही बरोबर आहे, त्यालाही दिवाळी आहे.

"सर, अठ्ठावीस हजार घातले, आणि होता तोच बरा होता," ताई म्हणाल्या. मी फोनवर ऐकत होतो. रागापेक्षा त्यांच्या आवाजात लाज जास्त होती. घरच्यांनी आधीच म्हटलं होतं ना, एवढा महाग कशाला.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, कारण कोणावरही ही वेळ येऊ शकते. चॅट तुमच्याकडून गेली तरी समोरच्या कस्टमरकडे ती असतेच. पहिली कल्पना आली स्टेटस टाकायची: फोन बदलला आहे, बुकिंगचा स्क्रीनशॉट पाठवा. पण स्टेटस त्यांनाच दिसतं ज्यांचे नंबर दोन्हीकडे सेव्ह आहेत. नंबरच गेले, तर स्टेटस बघणार कोण? सुदैवाने ग्रुप तुमच्या नंबरशी जोडलेले असतात, फोनशी नाही. दिवाळीचा ग्रुप परत दिसायला लागला. मेसेज तिथे टाकला. कुरियरच्या पावत्यांवरून नंबर काढले. बँकेचं स्टेटमेंट उघडलं, त्यात यूपीआयने पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि रक्कम असते, ती एकेक करून स्क्रीनशॉटशी जुळवली. दोन रात्री गेल्या. बहुतेक ऑर्डरी लागल्या. दोन कस्टमर मात्र तोपर्यंत दुसरीकडून घेऊन मोकळे झाले होते. त्यांचे अ‍ॅडव्हान्स ताईंनी मागायच्या आत परत केले.

आता कोणी म्हणेल, यात फोनची चूक कुठे? फोनकडेच येतो.

ताईंची दुसरी तक्रार होती, फोन तापतो आणि बॅटरी पूर्वीसारखीच संपते. पहिल्या तीन-चार दिवसांत हे बऱ्याच फोनचं होतं. तुम्ही अकाउंट टाकलं की फोन मागे बसून फोटो उतरवतो, अ‍ॅप अपडेट करतो, फोटोतले चेहरे ओळखतो, सगळ्याची यादी करतो. प्रोसेसर अखंड कामाला असतो. आयफोन १५ प्रो सप्टेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा जगभर ओरड झाली की फोन तापतो. अ‍ॅपलने त्यावर जी कारणं दिली त्यात हे एक होतंच की सेटअपनंतरचे पहिले काही दिवस फोन गरम लागू शकतो. त्याशिवाय आयओएस १७ मध्ये एक बग होता आणि काही अ‍ॅप प्रोसेसरवर जास्त ताण देत होते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला अपडेट आलं. म्हणजे दीड लाखाच्या फोनलाही हे चुकलेलं नाही. त्यामुळे नवा फोन घेतल्यावर बॅटरीबद्दलचं मत आठवड्याने बनवा.

पण आठवडा झाला, फोन नुसता पडून आहे आणि तरी तापतोय, किंवा मागचं कव्हर उचललेलं दिसतंय, तर मात्र "सवय होईल" म्हणून बसू नका. चार्जिंग बंद करा आणि सर्व्हिस सेंटर गाठा. २०१६ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ चं काय झालं ते आठवत असेल. ऑगस्टमध्ये फोन आला, सप्टेंबरमध्ये परत मागवला, बदलून दिलेले फोनही पेटले आणि ऑक्टोबरमध्ये कंपनीने तो कायमचा बंद केला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की दोष बॅटरीत होता, आणि दोन वेगवेगळ्या पुरवठादारांच्या बॅटऱ्यांमध्ये दोन वेगवेगळे दोष होते. खरा दोष असा असतो. तो सेटिंगने जात नाही.

आता साडीच्या रंगाचं. हा मुद्दा कपडे, दागिने, गोधड्या, केक विकणाऱ्या सगळ्यांसाठी महत्त्वाचा आहे, म्हणून जरा थांबतो. ताईंनी नव्या फोनने राणी रंगाच्या पैठणीचा फोटो काढला. फोटो असा झकास की घरातले सगळे खूश. साडी पोचल्यावर कस्टमरचा मेसेज: हा रंग तो नाही. दोन साड्या परत आल्या, जाण्या-येण्याचं कुरियर ताईंच्या अंगावर. नव्या फोनचा कॅमेरा फोटो नुसता काढत नाही, तो रंगवतोही. आकाश निळं, गवत हिरवं, चेहरा गोरा. लग्नाच्या फोटोला चालेल, पण मालाच्या फोटोला ही फसवणूक ठरते, तुमची इच्छा नसली तरी. त्यात स्क्रीनही रंग भडक करून दाखवते, म्हणून फोटो चुकलाय हे तुम्हाला कळतही नाही. उपाय साधा आहे. कॅमेऱ्यातलं एआय किंवा ब्युटी जे काही चालू असेल ते बंद करा, डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड'ऐवजी 'नॅचरल' निवडा, आणि खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात फोटो काढून साडी शेजारी धरून बघा. जुळला तरच टाका. जुन्या फोनचा साधा कॅमेरा रंग खरा दाखवत असेल तर मालाचे फोटो त्यावरच काढा, त्यात कमीपणा काही नाही.

आयफोनकडे वळलेल्यांसाठी एक छोटी गोष्ट: त्याचे फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठतात, आणि प्रिंटिंगवाल्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' केलं की साधे जेपीजी निघतात. आणि अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना गुगल ड्राइव्हचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप तिकडे उघडत नाही. दोन्ही फोन हातात असतानाच 'मूव्ह टू आयओएस' वापरून चॅट न्याव्या लागतात. जुना फोन आधीच देऊन टाकला असेल तर तो रस्ता संपला.

बिलिंग आणि प्रिंटरचं दुखणं वेगळंच. छोट्या दुकानांत हातात मावेल असा ब्लूटूथ थर्मल प्रिंटर असतो, मोबाइलवरून बिल निघतं. आमच्या बॅचमधल्या एका फरसाणवाल्या दादांनी फोन बदलला आणि प्रिंटर सापडेचना. त्यांनी प्रिंटर खराब समजून नवा मागवायची तयारी केली होती. अँड्रॉइड १२ पासून ब्लूटूथ वापरणाऱ्या अ‍ॅपला 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी लागते. अ‍ॅपने ती विचारली, दादांनी घाईत 'नाही' दाबलं. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली, प्रिंटर सुरू. प्रिंटरचे अडीच हजार वाचले.

पण प्रत्येक वेळी इतकं सोपं निघत नाही. ज्यांच्याकडे कोणीतरी सात-आठ वर्षांपूर्वी बनवून दिलेलं अ‍ॅप आहे, कंपनी बंद, बनवणारा पोरगा पुण्यात नोकरीला, त्यांनी फोन घेण्याआधी तपासलंच पाहिजे. फारच जुन्या अँड्रॉइडसाठी बनवलेली अ‍ॅप अँड्रॉइड १४ इन्स्टॉलच करू देत नाही. आणि काही नव्या फोनवर जुनी ३२ बिटची अ‍ॅप चालत नाहीत, गुगलच्या पिक्सेल ७ पासून ही सुरुवात झाली. अशा वेळी जुना फोन काउंटरवर बिलिंगसाठी ठेवायचा आणि नवा बाकी कामाला, हेच शहाणपणाचं. दरम्यान सगळा हिशेब त्या जुन्या अ‍ॅपमधून एक्सेलमध्ये काढून घ्या.

ऑर्डरची सूचना उशिरा येते ही तक्रार तर मला सगळ्यात जास्त ऐकू येते. "सर, मेसेज दहाला आला, मला दिसला साडेअकराला." कस्टमर तोपर्यंत पुढच्या दुकानात. बॅटरी वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांचे फोन मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकतात. जाहिरातीत 'दोन दिवस बॅटरी' म्हणतात ना, त्यातली थोडी बॅटरी तुमच्या ऑर्डरी झोपवून आलेली असते. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, बँकेचं अ‍ॅप, बिलिंगचं अ‍ॅप, जे कामाचं आहे त्याच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' करा. काही फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं चालू करावं लागतं. हे पहिल्याच दिवशी करा.

सगळं केलं आणि तरीही फोनच खराब आहे असं निघालं तर? पहिली गोष्ट, सर्व्हिस सेंटरमधून जॉबशीट घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. "अपडेट करून दिलं, आता बघा" असं तोंडी सांगून परत पाठवतात. तीन चकरा मारल्या तरी कागदावर एकही नसते. जॉबशीटवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि तारीख बघा. ऑनलाइन घेतला असेल तर बदलीची मुदत फार थोडी असते, अनेकदा सातच दिवस, आणि त्याआधी सर्व्हिस सेंटरचा दाखला मागतात. म्हणून पॅकिंग उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि पहिल्या चार दिवसांत कॉल, स्पीकर, चार्जिंग, दोन्ही सिम, कॅमेरा सगळं वापरून बघा. लग्नात मिळालेला फोन दिवाळीला उघडला तर कोण दाद देणार?

वॉरंटी संपली म्हणून विचारायचंच नाही, असंही करू नका. सॉफ्टवेअर अपडेटनंतर काही वनप्लस फोनच्या स्क्रीनवर हिरवी रेघ यायला लागली, तेव्हा २०२३ मध्ये कंपनीने भारतात अशा फोनच्या स्क्रीनसाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली. एकाच मॉडेलला एकच दोष अनेकांना येत असेल तर कंपनीला कधीकधी वाकावं लागतं.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, नंबर १९१५. त्याने काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा धंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची.

आता आपल्या लोकांसाठी महत्त्वाची मेख. हा कायदा ग्राहकासाठी आहे, आणि व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा त्यात ग्राहक धरला जात नाही. कंपनीचा वकील पहिला मुद्दा हाच काढतो: फोन धंद्यासाठी घेतला होता. पण त्याच कलमात, कलम २(७) मध्ये, पुढे खुलासा आहे. स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली असेल तर तो व्यावसायिक हेतू होत नाही. येवल्याच्या ताई यात बसतात. स्वतः फोटो काढणारे, स्वतः बिल करणारे तुम्हीही बसता. फक्त तक्रारीत हे स्पष्ट लिहा. दहा सेल्समनसाठी दहा फोन घेतले असतील तर मात्र गोष्ट वेगळी.

यालाच जोडून जीएसटीचं. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. अठ्ठावीस हजारांच्या फोनमध्ये साधारण ४,२७० रुपये कराचेच. तुमची नियमित जीएसटी नोंदणी असेल आणि फोन धंद्यासाठी असेल तर बिलावर तुमचा जीएसटी नंबर टाकून घ्या, त्या कराचं क्रेडिट मिळतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. ताईंची नोंदणी नाही, त्यांना हा प्रश्न आला नाही. पण सेलमधल्या हजार रुपयांच्या कूपनसाठी रात्री बारा वाजता जागणारे आणि हे चार हजार सोडून देणारे खूप आहेत!

आणि फोन खरंच हवा आहे का? ताईंच्या जुन्या फोनची खरी दुखणी दोन होती, बॅटरी आणि स्टोरेज. चांगल्या ठिकाणी बॅटरी बदलून फोटो कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर हलवले असते तर तो फोन दिवाळी सहज काढू शकला असता. फोन संक्रांतीनंतर घेतला असता. माझं मत ठाम आहे: सीझनच्या आधीचा महिना आणि सीझनचा महिना, या काळात फोन, सिम, बँक, बिलिंग अ‍ॅप यांतलं काहीही बदलू नका. सेल कितीही मोठा असो. आणि दोन हजार चारशेसाठी चालता फोन एक्स्चेंजला देऊ नका. कोणाचा वापरलेला फोन घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय नंबर काढा आणि संचार साथी पोर्टलवर तपासून घ्या, चोरीचा किंवा ब्लॉक केलेला नाही ना.

घेणारच असाल तर असं करा. जुना फोन घरातच ठेवा. नवा आला की २०२३ पासूनची सोय वापरून त्यावर तेच व्हॉट्सअ‍ॅप 'लिंक्ड डिव्हाइस' म्हणून जोडा, बिझनेस अ‍ॅपलाही ते चालतं. एकच नंबर दोन्ही फोनवर दिसतो. आठवडाभर नव्या फोनवरून उत्तरं द्या, फोटो काढून बघा, प्रिंटर जोडून बघा. काही बिघडलं तरी मूळ सगळं जुन्यावर शाबूत. आठवड्याने पटलं की ताजा बॅकअप घ्या, त्याची तारीख स्वतः वाचा, नंबर गुगल अकाउंटमध्ये गेलेत का बघा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो वहीत लिहून ठेवा, कारण तो विसरला तर व्हॉट्सअ‍ॅपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. मग यूपीआय हलवायचा दिवस ठरवा, ज्या दिवशी कोणाला मोठी रक्कम द्यायची नाही असा. बहुतेकांना रविवार सोयीचा. तोपर्यंत सिम जुन्याच फोनमध्ये राहू द्या, आणि नवा फोन मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.